दीड इंचाचे उणे

आमचे जुने जेवणाचे टेबल चौकोनी होते. चौकोनाला चार कोपरे असतात हे सत्य आमच्या नातीने वर्षभरात तीन वेळा कपाळावर पडताळून पाहिले आणि तिसऱ्या खेपेला दोन टाके पडले. त्या संध्याकाळी सौभाग्यवतींनी निकाल दिला, "दिवाळीच्या आत हे टेबल घराबाहेर!" आमच्या घरात अशा निकालावर अपील चालत नाही.

नवे टेबल कसे असावे यावर दोन दिवस खल झाला. मी सुचविले, गोल. पण आमची जेवणाची खोली पडली आगगाडीच्या डब्यासारखी. गोल टेबल मांडले असते तर भिंतीकडच्या माणसाला श्वास रोखून जेवावे लागले असते. शेवटी सून म्हणाली, "बाबा, अंड्यासारखे करा ना. कोपरेही नाहीत आणि खोलीतही मावेल."

"अंडे एका टोकाला निमुळते असते," मी म्हणालो. "तुला म्हणायचे आहे ते लंबवर्तुळ."

तीस वर्षे गणित शिकविलेल्या माणसाला समोरच्याचा शब्द दुरुस्त केल्यावाचून घास गिळत नाही. ही खोड पुढे मला कशी भोवली, तेच आज वाचकांना सांगायचे आहे.

टेबल ६ फूट लांब आणि ४ फूट रुंद करायचे ठरले. आमचे मिस्त्री जुने, हात सफाईचा, बोलणे मोजके. त्यांनी गच्चीवर प्लायवुडचा जाड तक्ता टाकला. त्यावर मधोमध लांबीची रेघ आखली, तिला काटकोनात रुंदीची रेघ आखली. मग रुंदीच्या रेघेच्या एका टोकावर टेपचे टोक धरले, बरोबर ३ फूट मोजले, आणि ते ३ फूट लांबीच्या रेघेला जिथे टेकले तिथे उजवीकडे एक व डावीकडे एक अशा खुणा केल्या. त्या खुणांवर दोन चुका ठोकल्या. (हा शब्द पुढे माझ्याही कामी येणार होता.) एक न ताणणारा दोरा घेऊन दोन चुकांच्या मध्ये ६ फूट राहील असा तो ढिला बांधला, दोऱ्याला आतून पेन्सिल टेकवली, आणि दोरा ताठ ठेवून पेन्सिल फिरवीत नेली. बघता बघता तक्त्यावर असे देखणे लंबवर्तुळ उमटले, की मी जन्मभर फळ्यावर काढलेली सगळी लंबवर्तुळे मला वांगी वाटू लागली.

मला राहवले नाही. मी मिस्त्रींना सांगू लागलो, की या कडेवरचा कुठलाही बिंदू घ्या, तिथून दोन्ही चुकांपर्यंतच्या अंतरांची बेरीज सहा फूटच भरेल. या चुकांच्या जागांना आम्ही नाभी म्हणतो. मध्यापासून नाभी किती दूर? तर पाचाचे वर्गमूळ इतके फूट, म्हणजे पावणेसत्तावीस इंचांच्या किंचित पुढे. मिस्त्रींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "आम्ही अर्धी लांबी टेकवून बघतो, मास्तर. वर्गमूळ नाही लागत."

टेबलाच्या कडेला पितळी पट्टी हवी ही सौभाग्यवतींची हौस. पट्टी वेटोळ्यातून कापून मिळते आणि कापलेली परत घेत नाहीत. मिस्त्रींनी विचारले, "किती आणू? सुतळी फिरवून मोजू का?"

"सुतळी कशाला?" मी म्हणालो. "लांबी ६, रुंदी ४, सरासरी ५. पाच फूट व्यासाचे वर्तुळ धरा. परीघ १५ फूट साडेआठ इंच. अर्धा इंच वर घ्या आणि १५ फूट ९ इंच आणा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पट्टी बसली. जिथून सुरुवात केली होती तिथे ती परत आलीच नाही. दोन टोकांच्या मध्ये लाकूड दिसत राहिले. एक इंच तीन सूत, म्हणजे जवळजवळ दीड इंच. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून सुतळी काढली, कडेभोवती फिरविली, टेपवर धरली आणि मला दाखविली. १५ फूट साडेदहा इंच. मग मात्र हळूच म्हणाले, "आमचा रिवाज चार-सहा इंच जास्त आणायचा असतो. पण तुम्ही हिशेब करून दिला म्हणून..."

ते वाक्य त्यांनी पुरे केले नाही, हे त्यांचे सौजन्य. घरातल्या मंडळींनी ते पुरे केले.

त्या रात्री मला झोप लागली नाही, पण ती पितळेच्या दीड इंचासाठी नव्हे. मला माझा एक जुना वर्ग आठवत राहिला. मी फळ्यावर लंबवर्तुळ काढले होते. अर्धी लांबी ३, अर्धी रुंदी २. गणिताच्या पुस्तकांना हे दोन आकडे फार प्रिय. क्षेत्रफळ सांगून झाले होते: पाय गुणिले तीन गुणिले दोन. इतक्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, वर्तुळाचे क्षेत्रफळही सांगितले आणि परीघही सांगितला. याचे नुसते क्षेत्रफळच सांगितले. परीघ?"

मी म्हणालो, "परीक्षेला येत नाही. बस खाली."

वर्ग हसला. तो मुलगा बसला, आणि त्या वर्षात त्याने पुन्हा हात वर केला नाही. परीघाचे सोपे सूत्र नाही एवढे मला ठाऊक होते. तेवढे सांगायला अर्धे मिनिटही लागले नसते. पण सांगितले असते तर तो लगेच विचारणार, "का नाही?" आणि त्या 'का'चा विचार मी कधी केलेला नव्हता. खरे कारण हे. तो मुलगा परीक्षेबाहेरचे विचारीत नव्हता. तो माझ्या आवाक्याबाहेरचे विचारीत होता.

तेव्हा सेवानिवृत्तीनंतर, दिवाळीच्या आठ दिवस आधी, घरात चकल्यांचा घाणा चालू असताना, मी त्या मुलाचा प्रश्न सोडवायला बसलो.

का नाही, याचे उत्तर मला सायकलच्या जुन्या ट्यूबने दिले. वाचकांनी करून पाहावे. ट्यूबचा एक सपाट तुकडा कापून घ्या, त्यावर रुपयाचे नाणे ठेवून त्याभोवती पेनने वर्तुळ काढा, आणि दुसऱ्या दिशेला आकसू न देता तो तुकडा एकाच दिशेने दीडपट ताणा. (प्रत्यक्षात रबर थोडे आकसतेच, ते मनातल्या मनात माफ करावे.) वर्तुळाचे लंबवर्तुळ होते. आतल्या जागेतला प्रत्येक बारीक चौकोन सारखाच, दीडपट, ताणला गेला. म्हणून क्षेत्रफळही सरळ दीडपट झाले. तिथे वाद नाही. पण कडेकडे पाहा. कडेचा जो तुकडा ताणण्याच्या दिशेत पडला होता तो दीडपट लांबला. जो तिला आडवा होता तो मुळीच लांबला नाही. आणि जे तिरपे होते ते आपापल्या तिरपेपणाप्रमाणे कमीजास्त लांबले, एकासारखा दुसरा नाही. कडेवरून पाऊल पुढे टाकले की प्रमाण बदलते. या सगळ्या निरनिराळ्या वाढींची एकत्र बेरीज करायची, हा खरा पेच.

ही बेरीज आपल्या नेहमीच्या हत्यारांनी, म्हणजे बेरीज-गुणाकार, वर्गमूळ, त्रिकोणमितीची कोष्टके आणि लॉगरिथम यांनी, आटोपशीर सूत्रात बसवताच येत नाही. शोधणारे कमी पडले म्हणून नव्हे. ते अशक्यच आहे, असे फ्रान्सच्या लिऊव्हिल या गणित्याने १८३० नंतरच्या दशकात सिद्ध केले. उत्तर आहे, पण ते कधीही न संपणाऱ्या बेरजेच्या रूपात. अर्धी लांबी आणि अर्धी रुंदी यांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागा, येईल त्याचा वर्ग करा. माझ्या टेबलाला एक पंचमांशाचा वर्ग, म्हणजे एक पंचविसांश. सरासरीच्या हिशेबाने आलेल्या उत्तरात प्रथम याचा चौथा हिस्सा, म्हणजे शेकडा एक, मिळवायचा. मग याच्या वर्गाचा चौसष्टावा हिस्सा. मग त्याहून बारीक, मग त्याहूनही बारीक. १५ फूट साडेआठ इंचांवर शेकडा एक म्हणजे जवळजवळ दोन इंच. माझी पट्टी तिथेच गेली होती!

मग मी पाहू लागलो, की ही पट्टी माझ्याआधी कोणी कोणी मोजली. सर्वांत आनंद झाला तो आपल्याच दख्खनचा माणूस भेटला म्हणून. ज्या राष्ट्रकूटांनी वेरूळचे कैलास लेणे कोरविले, त्यांच्याच वंशातल्या अमोघवर्ष राजाच्या काळी, नवव्या शतकात, महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. त्यांच्या 'गणितसारसंग्रह' या ग्रंथात 'आयतवृत्ता'चा परीघ आहे. लांबीच्या दुपटीचा वर्ग करा, त्यात रुंदीच्या वर्गाची सहापट मिळवा, वर्गमूळ काढा. माझ्या टेबलाला १४४ अधिक ९६, बरोबर २४०, आणि वर्गमूळ १५.४९. म्हणजे १५ फूट ६ इंच. साडेचार इंच कमी. आचार्यांनी सांगितलेली पट्टी माझ्याहूनही तोकडी निघाली, पण हसण्याआधी थोडे थांबावे. टेबल चपटे करीत करीत रुंदी नाहीशी करा; उरते ती नुसती एक रेघ, आणि तिला फेरी मारायची तर जाऊन-येऊन लांबीची दुप्पट. आचार्यांचा नियम तिथे अगदी तंतोतंत उतरतो. माझा नियम तिथे शेकडा एकवीसहून अधिक कमी पडतो! उलट टोकाला, पूर्ण वर्तुळात, त्यांनी पायची किंमत दहाचे वर्गमूळ धरली, म्हणून थोडे जास्त येते. हा ग्रंथ रंगाचार्यांनी इंग्रजी भाषांतरासह १९१२ साली मद्रासला छापवून आणला. तो मी शिकवीत असताना उघडून पाहिला असता तर त्या मुलाला सांगायला निदान एक गोष्ट तरी हाताशी असती.

माझा सरासरीचा नियमही अगदीच बेवारशी नव्हता. तो खुद्द केप्लरने वापरला आहे. योहानेस केप्लर मंगळाची कक्षा शोधीत होता. वर्तुळांवर बसविलेला त्याचा हिशेब टायको ब्राहीने डोळ्यांनी घेतलेल्या वेधांशी ८ कलांनी जुळेना. ८ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा साधारण चौथा हिस्सा. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, ब्राहीचीच नजर चुकली असेल. केप्लरने ब्राहीवर विश्वास ठेवला आणि दोन हजार वर्षांचे वर्तुळ सोडून दिले. १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने मंगळाला लंबवर्तुळावर बसविले आणि सूर्याला त्याच्या एका नाभीत. त्याच ग्रंथात लंबवर्तुळाच्या परीघासाठी हा सरासरीचा अंदाज आहे.

मग केप्लरला जे पुरले ते मला का पुरू नये? याचे उत्तर मोठे गमतीचे आहे. शाळेच्या पुस्तकांत ग्रहांच्या कक्षा लांबोळक्या भोपळ्यासारख्या काढतात, ते सोंग आहे. पृथ्वीची कक्षा माझ्या टेबलाएवढी, ६ फूट लांब, काढली तर तिची रुंदी लांबीहून इंचाचा शंभरावा भाग कमी भरेल. पेन्सिलीच्या रेघेत ते उणे बुडून जाईल. मंगळाची कक्षा तेवढीच काढली तर रुंदी अडीच सूत कमी. फक्त सूर्य मध्यावर नसतो. मंगळाच्या त्या टेबलावर तो सव्वातीन इंचांहून थोडा अधिक बाजूला सरकलेला दिसेल. अडीच सुतांचा चपटेपणा आकाशात ओळखणाऱ्या माणसापुढे मी काय बोलावे? पण इतक्या गोलसर कक्षेला सरासरीचा नियम पट्टीवर दिसेल एवढाही चुकत नाही. तोच नियम हॅलेच्या धूमकेतूला लावा. १९८६ साली येऊन गेलेला आणि २०६१ साली पुन्हा यायचा आहे तो. त्याची कक्षा खरोखरीची लांबुडकी, लांबीच्या मानाने रुंदी जेमतेम चौथा हिस्सा. तिथे हा नियम शेकडा आठांहून अधिक कमी पडतो. मंगळ आणि धूमकेतू यांच्या मध्ये कुठेतरी आमचे जेवणाचे टेबल पडले.

केप्लरनंतर ऑयलरने १७७३ मध्ये दुसरा मार्ग काढला: सरासरी काढायची ती लांबी-रुंदीची नव्हे, त्यांच्या वर्गांची, आणि मग वर्गमूळ घ्यायचे. माझ्या टेबलाला १६ फूट पाव इंच. हे जवळजवळ तितकेच जास्त, जितके माझे कमी. दोन्हींच्या मधोमध खूण केली तर उत्तर इतके जवळ येते की सुतारी टेपवर फरक दिसणार नाही. मिस्त्रींना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग दोघांना विचारून मधले धरायचे. पंचायतीत असेच करतात."

आणि शेवटी रामानुजन. १९१४ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी पायच्या किमतींविषयी जो प्रसिद्ध लेख छापला, त्याच्या शेवटी जाता जाता लंबवर्तुळाच्या परीघाचे दोन नियम देऊन टाकले आहेत. पहिल्याविषयी ते सांगतात की हा अनुभवाने, अजमावून सापडला! आपल्यासारख्याने अजमावून पाहिले तर मिठाचा अंदाजसुद्धा चुकतो. तो नियम असा: अर्धी लांबी आणि अर्धी रुंदी यांची बेरीज करून तिप्पट करा. माझ्याकडे तीन नि दोन पाच, तिप्पट १५. हे बाजूला ठेवा. मग अर्ध्या लांबीच्या तिपटीत अर्धी रुंदी मिळवा, ९ आणि २, अकरा. अर्ध्या रुंदीच्या तिपटीत अर्धी लांबी मिळवा, ६ आणि ३, नऊ. दोहोंचा गुणाकार ९९, त्याचे वर्गमूळ ९.९५ला किंचित कमी. ते पंधरातून वजा करा आणि उरेल त्याला पायने गुणा. १५.८६५ फूट. म्हणजे १५ फूट १० इंच ३ सूत. या उत्तरात आणि खऱ्या परीघात जो फरक आहे तो एका केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी भरतो. मिस्त्रींची सुतळी एका सुताने जास्त होती. सुतळी जाड असते म्हणून असेल.

आमच्या चिरंजिवांनी हेच उत्तर मोबाइलवर पापणी लवण्याच्या आत काढून दाखविले आणि विचारले, "आठ दिवस याचसाठी बसला होता का?" मी होय म्हणालो.

जाता जाता आणखी एक. लंबवर्तुळाचे ग्रीक नाव, ज्यावरून इंग्रजी शब्द आला, ते अपोलोनियसने ठेवलेले. त्याचा अर्थच मुळी 'उणे पडणे' असा होतो. त्याची कारणे वेगळी आहेत आणि पितळी पट्टीशी त्यांचा काही संबंध नाही, पण घरच्या मंडळींना मी तेवढे सांगितलेले नाही.

पट्टीचा तुकडा मिस्त्रींनी धनत्रयोदशीला आणला. एक इंच तीन सूत मोजून कापला, कानशीने टोके घासली. म्हणाले, "मास्तर, जोड भिंतीच्या बाजूला येईल असे टेबल फिरवून ठेवतो. कोणाला दिसायचा नाही." मी म्हणालो, "नको. माझ्या खुर्चीसमोर येऊ द्या." पाडव्याला सगळे मिळून आठजण बसलो, माणशी जवळजवळ दोन फूट कड आली, कोणाचे कोपर कोणाला लागले नाही. नात टेबलाभोवती धावत सुटली आणि कुठेही आपटली नाही. वरण-भात कालवताना माझा डावा अंगठा त्या दोन जोडांवरून जातो-येतो. हाताला ते लागतात, डोळ्यांना फारसे दिसत नाहीत.

तो मुलगा आता पन्नाशीला आला असेल. त्याचे नाव मला आठवते, पण ते इथे छापत नाही. दिवाळी अंक त्याच्या घरी येत असेल आणि फराळानंतर तो हे पान वाचीत असेल, तर त्याच्यासाठी: फळ्यावर काढले होते त्या लंबवर्तुळाचा परीघ १५.८६५. आणखी दोन घरे हवी असतील तर १५.८६५४४. एकक विचारू नकोस. ते मी त्या दिवशी फळ्यावर लिहिलेच नव्हते.